नाटकासाठी पुण्यात मुक्काम: आधी रात्रीचे सव्वाबारा डोळ्यांसमोर आणा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीहून तुम्ही, यजमान आणि सासूबाई असे तिघं शनिवार-रविवार पुण्यात नाटकं बघायला येताय. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सुदर्शन रंगमंचावर एक प्रायोगिक नाटक, त्याच रात्री साडेनऊला बालगंधर्व रंगमंदिरात दुसरं आणि रविवारी दुपारी साडेबाराला कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात तिसरं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एसटीने स्वारगेटला उतरणार. नातेवाईक म्हणतात स्टेशनजवळ स्वस्त लॉज मिळतात, मोबाईलवर विमाननगर आणि हिंजवडीकडची चकाचक हॉटेलं कमी भावात दिसतात, आणि तुम्हाला स्वतःला उतरल्या जागी स्वारगेटलाच राहणं सोयीचं वाटतंय. तर राहायचं कुठे?

बाहेरगावाहून नाटकाला येणाऱ्यांची सोय लावताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: शेवटचं नाटक किती वाजता सुटणार आणि कुठे सुटणार? मुक्काम त्यावर ठरतो. दिवसा पुण्यात कुठूनही कुठेही जाता येतं. वेळ लागतो, पण मेट्रो असते, बस असते, रिक्षा असते, हातात मोकळा वेळही असतो. रात्रीच्या प्रयोगानंतर यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. साडेनऊचा प्रयोग म्हणजे तिसरी घंटा, म्हणजे नाटक सुरू, व्हायला साडेनऊ-पावणेदहा. दोन अंकी नाटक मध्यंतर धरून सव्वादोन-अडीच तासांचं. शेवटी कलाकार पुढे येऊन दोन शब्द बोलतात, लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, मग सातआठशे माणसं एकदम दारातून बाहेर पडतात. तुम्ही फाटकाशी येईपर्यंत सव्वाबारा. मेट्रो अकराच्या सुमारास थांबलेली असते. पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, नेहमीच्या बस संपलेल्या असतात. राहते पाय आणि रिक्षा.

रिक्षाचं गणित नीट समजून घ्या, कारण स्वस्त हॉटेलचा मोह तिथेच उतरतो. २०२२ च्या दरवाढीत पुण्यात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये असा दर झाला. रात्री बारा ते पहाटे पाच त्यावर पाव पट जास्त. विमाननगर बालगंधर्वपासून दहा किलोमीटरच्या आसपास धरा. दिवसा मीटरने १७० रुपये, मध्यरात्रीनंतर २१० च्या पुढे. हिंजवडी सतरा-अठरा किलोमीटर, म्हणजे रात्रीचे साडेतीनशेच्या वर. हे झालं मीटरने. त्या वेळी इतक्या लांब मीटरने येणारा रिक्षावाला मिळेलच असं नाही, आणि ॲपवरची गाडी प्रयोग सुटताना हमखास महागलेली दिसते, कारण एकाच जागेवरून एकाच मिनिटाला पन्नास जण गाडी मागत असतात. जाण्यायेण्याच्या दोन दिवसांच्या फेऱ्या जोडल्या की खोलीत वाचलेले पैसे रस्त्यावर जातात. वर सासूबाईंना मध्यरात्री अर्धा-पाऊण तास रिक्षातले हादरे. हिंजवडी आयटी कंपन्यांत कामाला येणाऱ्यांसाठी ठीक, विमाननगर विमानाने येणाऱ्यांसाठी. नाटकाला येणाऱ्याने ती दोन्ही नावं मनातून काढून टाकावीत.

तुमच्या बाबतीत रात्रीचा प्रयोग बालगंधर्वला आहे, म्हणून माझं उत्तर सरळ आहे: डेक्कन ते जंगली महाराज रस्ता या पट्ट्यात राहा. त्यातही घोले रस्ता आणि बालगंधर्वच्या आसपासचा जंगली महाराज रस्ता पहिला, आपटे रस्ता दुसरा, गुडलक चौकाकडचा भाग तिसरा. क्रम असा का, तेही सांगतो. बालगंधर्वच्या फाटकातून बाहेर पडलं की जंगली महाराज रस्त्याचा रुंद पदपथ लागतो. तो सपाट आहे, दिवे आहेत, बसायला बाकडी आहेत. प्रयोगानंतर त्या पदपथावर नाटकाबद्दल बोलत चालणारी माणसं असतात, त्यामुळे मध्यरात्रीही एकटं वाटत नाही. समोर घोले रस्ता फुटतो, तो थेट फर्ग्युसन रस्त्याला जाऊन मिळतो. या पाचशे मीटरच्या आत खोली मिळाली तर सासूबाई काठी टेकत दहा-बारा मिनिटांत पोहोचतील. आपटे रस्ता अंतराने जवळच, रात्री शांत, पण चालणं किलोमीटरच्या घरात जातं. गुडघे चांगले असलेल्या माणसाला मी तोच पहिला सांगितला असता.

जवळ राहण्यात एक अडचण येते, ती आधीच माहीत असावी. अंतर कमी असलं की रात्री रिक्षावाला यायला नाखूश असतो. प्रयोग सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या रिक्षांना कोथरूड, सिंहगड रस्ता, बिबवेवाडी अशी लांबची भाडी हवी असतात. ‘घोले रस्ता’ म्हटलं की मान हलते. त्यावर उपाय दोन. पहिला, चालत जाता येईल इतकंच अंतर ठेवायचं. दुसरा, सासूबाईंना थोडा वेळ आत बसू द्यायचं. पडदा पडल्यावर उठून धावू नका. पंधरा मिनिटांत आवार मोकळं होतं, पहिल्या झटक्यातल्या रिक्षा लांबची भाडी घेऊन गेलेल्या असतात, मागून येणाऱ्यांना जवळचं भाडंही चालतं. गर्दीत जिन्यावरून धक्के खात उतरण्यापेक्षा गुडघ्यांनाही ते बरं.

नकाशा बघताना एक चूक फार जण करतात. हॉटेलच्या पानावर ‘बालगंधर्वपासून ७०० मीटर’ असं लिहिलेलं असतं आणि ते सरळ रेषेतलं असतं. मध्ये मुठा नदी आहे, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. नारायण पेठ, शनिवार पेठ समोर दिसतात, पण पुलाला वळसा घालून जावं लागतं. झेड पुलावरून चारचाकी आणि रिक्षा जात नाहीत. भिडे पूल नदीपात्राला लागून आहे, पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की तो बंद होतो. म्हणून नकाशावर ‘चालत’ हा पर्याय निवडून, हॉटेलच्या दारापासून नाट्यगृहाच्या फाटकापर्यंतचं अंतर बघा. मग ‘गाडी’ हा पर्याय निवडून तेच परत बघा, कारण इथे एकेरी रस्ते आहेत. फर्ग्युसन रस्ता गुडलक चौकाकडून विद्यापीठाच्या दिशेने, जंगली महाराज रस्ता त्याच्या उलट, डेक्कनच्या दिशेने. म्हणजे डेक्कनहून बालगंधर्वला रिक्षा नाकासमोर येत नाही, फर्ग्युसन रस्त्याने वर जाऊन घोले रस्त्यावरून खाली उतरते. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ फर्ग्युसन रस्त्यावर जी गर्दी असते, त्यात हा छोटा वळसा वीस मिनिटं खातो. त्या वेळात चालणारा माणूस रिक्षाच्या आधी पोहोचतो.

आता बाकीच्या भागांबद्दल, कारण तुमच्यासारखीच चौकशी करणाऱ्या दुसऱ्या कुणाचं वेळापत्रक वेगळं असेल.

स्वारगेट. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या एसटीने येणाऱ्याला हा भाग ओळखीचा वाटतो. नाटकं सगळी दुपारची किंवा संध्याकाळी साडेपाचची असतील तर इथे राहायला हरकत नाही. टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह, स्वारगेटचाच गणेश कला क्रीडा रंगमंच हे सगळं रिक्षाच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात येतं. पद्मावतीकडच्या अण्णा भाऊ साठे सभागृहात प्रयोग असेल तर स्वारगेट हीच जवळची जागा. दोष दोन: स्थानकाला लागून असलेल्या लॉजमध्ये रात्रभर गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात, आणि स्वारगेटहून बालगंधर्वला मेट्रोने जायचं तर सिव्हिल कोर्टला (पाटीवर ‘जिल्हा न्यायालय’) मार्गिका बदलावी लागते. जमिनीखालचं ते स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि बालगंधर्वकडे जाणारी मेट्रो वरून, खांबांवरून जाते. म्हणजे खोलातून थेट उंचावर जायचं. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, पण एका लिफ्टमधून दुसरीकडे जाताना चालणं बरंच होतं. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला मी तिथे गाडी बदलायला सांगणार नाही. स्वारगेटहून डेक्कनला रिक्षाचं भाडं साठ-सत्तर रुपये होतं, तेच करा.

पुणे स्टेशन. नातेवाईकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. रेल्वेने येणारा, एकटादुकटा, खर्च हात राखून करणारा माणूस असेल तर स्टेशनजवळच्या लॉजचा भाव चांगला असतो, आणि वनाज-रामवाडी मार्गिकेची मेट्रो रेल्वे स्टेशनपासून थेट ‘छत्रपती संभाजी उद्यान’ स्थानकावर आणते. तिथून बालगंधर्व चालत चार-पाच मिनिटं. मध्ये कुठेही बदलावं लागत नाही. साडेपाचचा प्रयोग बघून रात्री नऊच्या आत परतणाऱ्याला हे उत्तम. साडेनऊच्या प्रयोगाला मात्र परतीचा तोच मार्ग बंद झालेला असतो. शिवाय स्टेशनच्या गल्ल्यांमधले लॉज एकसारखे नसतात, कुटुंब घेऊन जायचं तर खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे भरू नयेत.

सदाशिव, नारायण, शनिवार या पेठा. नाटकवेड्या माणसाला इथे राहण्याची ओढ वाटते आणि ती रास्त आहे. ज्या संस्थेचं भरत नाट्य मंदिर आहे ती १८९४ पासूनची. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथे पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेच्या एकांकिका चालतात तेव्हा त्या गल्लीत नुसतं उभं राहिलं तरी अंगात नाटक चढतं. अंतरंही छान, भाव परवडणारा, खाण्याची चंगळ. पण इमारती जुन्या. लिफ्ट नसते, जिने उभे आणि अरुंद असतात, गाडी लावायला जागा नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बऱ्याच जुन्या लॉजचं आणि अतिथीगृहांचं बाहेरचं दार रात्री अकराला लागतं. नाटक सुटून आल्यावर साडेबाराला बंद दार वाजवत उभं राहायची पाळी येते ती इथेच. तरुण मुलामुलींचा गट एकांकिका बघायला येणार असेल तर मी पेठाच सांगेन, फक्त दाराची वेळ विचारून. तुमच्यासोबत सासूबाई आहेत, म्हणून नको.

कोथरूड आणि कर्वे रस्ता. तुमचं बालगंधर्वचं नाटक साडेपाचचं असतं तर मी नळ स्टॉपच्या आसपास राहा म्हटलं असतं. मेट्रो दारात, दोन्ही नाट्यगृहं दोन दिशांना सारखीच जवळ, रात्री निवांत. ज्यांची दोन-तीन नाटकं कोथरूडलाच आहेत त्यांच्यासाठी हाच भाग.

पिंपरी-चिंचवडचं वेगळंच. चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकाराम नगरचं आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर ही मोठी आणि चालती नाट्यगृहं आहेत, पण डेक्कनपासून ती बारा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेली. तिकीट काढताना फक्त ‘पुणे’ वाचून पुढे जाऊ नका, नाट्यगृहाचं नाव वाचा. चिंचवडचं तिकीट हातात आणि खोली डेक्कनला, असं झालं की रात्रीचा प्रयोग अंगावर येतो.

यातूनच एक जास्त उपयोगी गोष्ट निघते. व्यावसायिक नाटकं शनिवार-रविवारी पुण्यात आली की बहुतेक वेळा एकाच नाट्यगृहावर थांबत नाहीत. एकाच नाटकाचा एक प्रयोग कोथरूडला, एक चिंचवडला, एक बालगंधर्वला, असा दौरा लागतो. तेव्हा हॉटेल शोधण्याआधी वर्तमानपत्रातली नाटकांची जाहिरात किंवा तिकिटांचं ॲप उघडून बघा की तुम्हाला हवं ते नाटक त्याच दोन दिवसांत साडेपाचला कुठे आहे का. मिळालं तर मुक्कामाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. प्रायोगिक नाटकांचं तसं नसतं. त्यांचा प्रयोग एखादाच, जागा शंभर-सव्वाशे, तोच पकडावा लागतो. म्हणून आधी सुदर्शनचा प्रयोग पक्का करा, मग त्याच्याभोवती व्यावसायिक नाटकांच्या वेळा बसवा, आणि शेवटी खोली.

खोली ठरवताना फोन कराच. ॲपवरचे फोटो गादी आणि चादर दाखवतात, तुम्हाला लागणारी माहिती फोनवर मिळते. मी विचारतो ते प्रश्न असे. रात्री साडेबाराला दार उघडं असतं का, की कुणाला उठवावं लागतं? लिफ्ट आहे का, आणि ती रात्री चालू ठेवता का? काही ठिकाणी अकरानंतर लिफ्ट बंद करतात आणि ते तिथे गेल्यावरच कळतं. मुख्य दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण ती सहा-सात पायऱ्या चढल्यावर. संडास कमोडचा आहे ना? तिघांना एकच खोली हवी असेल तर जादा गादी जमिनीवर देता की वेगळी खाट? जमिनीवरची गादी सासूबाईंसाठी नाही हे उघड आहे, पण पलंगाची उंचीही विचारा, फार बुटक्या पलंगावरून उठताना गुडघे बोलतात. खोली रस्त्याच्या बाजूला की मागच्या? जंगली महाराज आणि फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडावरच्या खोलीत शनिवारी रात्री एकपर्यंत वाहनांचा आवाज येतो, मागची खोली मागून घ्या. खोली सोडायची वेळ दुपारी बाराची, अकराची, की आल्यापासून चोवीस तास? आणि खोली सोडल्यावर सामान चार-पाच तास ठेवाल का?

हा शेवटचा प्रश्न तुमच्या रविवारसाठी कळीचा आहे. साडेबाराचं नाटक म्हणजे साडेअकराला निघायला हवं. खोली अकरा-बाराला सोडायची. नाटक सुटणार सव्वातीनला. मधल्या वेळात तीन जणांच्या बॅगा कुठे? नाट्यगृहात त्या घेऊन बसता येत नाही, खुर्च्यांच्या रांगांत पाय ठेवायला जेमतेम जागा असते. काही जण बॅगा सोबत घेऊन कोथरूडलाच जातात आणि तिथून वारजे किंवा नवले पुलावर खासगी गाडी पकडतात. रस्त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पुणे-सांगली रस्ता तिकडूनच आहे. पण त्यासाठी बॅगा ठेवायला कोथरूडमध्ये कुणी ओळखीचं हवं, आणि महामार्गाच्या कडेला गाडीची वाट बघत उभं राहणं सासूबाईंना झेपायला हवं. त्यापेक्षा बॅगा डेक्कनच्या हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवा, त्यावर नाव आणि मोबाईल नंबराची चिठ्ठी बांधा, औषधं आणि पाकीट मात्र जवळच्या पिशवीत घ्या. कोथरूडहून परत डेक्कनला रिक्षाने चार-पाच किलोमीटर, सत्तर-पंच्याऐंशी रुपये. मेट्रोने यायचं तर आनंदनगर किंवा वनाज स्थानकापर्यंत रिक्षा करावीच लागते, म्हणून तिघांना थेट रिक्षाच परवडते. बॅगा उचलून स्वारगेटला पोहोचायला पावणेपाच होतात. एसटीचं आरक्षण साडेपाचच्या आधीचं करू नका. चारची गाडी मिळते म्हणून तिचं तिकीट काढलं की दुसऱ्या अंकात लक्ष घड्याळाकडे जातं.

शनिवार कसा बसतो बघा. सांगलीहून सकाळी सहा-साडेसहाची एसटी धरली तर पाच-साडेपाच तासांनी, दुपारी बाराच्या आसपास स्वारगेट. रिक्षाने हॉटेल. बाराला खोली मिळेल का हे आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा, शनिवारी आदल्या रात्रीचे लोक उशिरा खोली सोडतात. जेवून दुपारी सगळ्यांनी झोप काढायची. रात्री बारापर्यंत जागायचं आहे, ही झोप गरजेची आहे. पाचला चहा-खाणं. सव्वापाच-साडेपाचला सुदर्शनकडे निघायचं. बालगंधर्वकडून पूल ओलांडला की शनिवार पेठ, साधारण किलोमीटरभर. सुदर्शनसारख्या छोट्या जागी खुर्चीला नंबर नसेल तर लवकर येणाऱ्याला पुढची जागा मिळते, आणि दिवे मालवल्यावर आत येणारा माणूस नटांच्या इतका जवळून जातो की प्रयोगच विस्कटतो. उशिरा पोहोचलात तर आत घेतीलच असं धरून चालू नका. आत बसायला जिना चढावा लागतो का, हे तिकिटाच्या वेळीच विचारून ठेवा.

इथे माझी एक आग्रहाची सूचना आहे. सासूबाईंना दोन्ही नाटकं एका संध्याकाळी बघायला लावू नका. साडेसहा ते सव्वाआठ एक, साडेनऊ ते बारा दुसरं, म्हणजे चार-साडेचार तास बैठक. दुखऱ्या गुडघ्यांना एका जागी गुडघा मोडून बसून राहणंही बाधतं. हॉटेल बालगंधर्वजवळ असण्याचा खरा फायदा इथे आहे: त्यांना खोलीत विश्रांती घेऊ द्या, आठला त्यांचं जेवण होऊ द्या, आणि तुम्ही दोघं सुदर्शनहून परत येताना त्यांना घेऊन नऊला बालगंधर्वला जा. हॉटेल विमाननगरला असतं तर त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते, दोन्ही नाटकं सोसायची किंवा एकही बघायचं नाही. त्यांना दोन्ही बघायचीच असतील तर त्यांची इच्छा मोठी, मग मात्र दोन प्रयोगांच्या मध्ये पाऊण तास पाय लांब करून पडता येईल इतकं अंतर हवंच.

जेवणाच्या वेळा नाटकाच्या वेळांशी भांडतात, हे ध्यानात ठेवा. रात्रीचा प्रयोग सुटल्यावर जेवू असं ठरवलंत तर त्या भागातली बहुतेक हॉटेलं बंद झालेली असतील. आठ-सव्वाआठ ते नऊ हीच जेवणाची वेळ, आणि शनिवारी त्याच वेळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली, रूपाली या उपाहारगृहांबाहेर माणसं नाव लिहून ताटकळत असतात. म्हणून तिथलं इडली-डोसा प्रकरण दुपारी पाचला उरका आणि रात्री साधं जेवण, शक्य असल्यास राहत्या हॉटेलातच, आधी सांगून घ्या. रविवारी उलटा पेच: थाळीची ठिकाणं दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि तुमचं नाटक सव्वातीनला सुटतं. साडेदहा-अकराला भरपेट खाऊनच कोथरूडला निघा. मध्यंतरात बटाटेवडा आणि चहा मिळतो, पण रांग मोठी आणि वेळ पंधरा मिनिटांचा. एकाने मध्यंतर लागताच उठून रांग धरायची, दुसऱ्याने सासूबाईंना स्वच्छतागृहाकडे न्यायचं, असं आधीच वाटून घ्या.

तिकिटांचाही मुक्कामाशी संबंध आहे, म्हणून तेवढंच. सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची, रांगेच्या कडेची खुर्ची घ्या. बाल्कनी स्वस्त असते, पण बाल्कनी म्हणजे जिना आला. कडेच्या खुर्चीत पाय बाजूला काढून लांब करता येतो. तिकीट खिडकीवर प्लॅन उघडतो, म्हणजे विक्री सुरू होते, त्या दिवशी या खुर्च्या आधी जातात, म्हणून त्याच दिवशी काढा. खोलीचं आरक्षण मात्र आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असंच करा, चार पैसे जास्त पडले तरी. कलाकार आजारी पडतो, चित्रीकरण लांबतं, प्रयोग रद्द होतो. नाटकाचे पैसे परत मिळतात, परतावा नसलेल्या खोलीचे मिळत नाहीत.

तारखांबद्दल दोन शब्द. गणेशोत्सवात, विशेषतः शेवटच्या चार-पाच दिवसांत नाटकासाठी येऊ नका. संध्याकाळनंतर पेठांमधले रस्ते वाहनांना बंद होतात, आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे चारही रस्ते मिरवणुकीचे असतात. आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दोन दिवसांतही तेच, आणि खोल्याही भरलेल्या. डिसेंबरात सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव मुकुंदनगरला असतो तेव्हा स्वारगेटकडची हॉटेलं आधीच गेलेली असतात. लग्नसराईत डेक्कनचे भाव चढतात. या दिवसांखेरीज शनिवारसाठी दोन-तीन आठवडे आधी फोन केला तर घोले रस्ता, आपटे रस्त्याकडे खोली मिळते.

खोली शेवटी डेक्कनच्या बाजूलाच, गुडलक चौकाकडे मिळाली, तर फार मनाला लावून घेऊ नका. जाताना पावणेनऊलाच रिक्षा धरा, एकेरी रस्त्याचा वळसा आणि गर्दी धरून. येताना दिशा अनुकूल असते, बालगंधर्वच्या दारातून रिक्षा जंगली महाराज रस्त्याने सरळ डेक्कनला उतरते. आणि सासूबाईंसाठी एक शाल आणि पाठीला लावायला छोटी उशी पिशवीत ठेवा. रात्रीच्या प्रयोगात वातानुकूलन नीट चालू असेल तर दुसऱ्या अंकापर्यंत गुडघे गारठतात, तेव्हा ती शाल पायांवर घ्यायची.